एवढा पावसाळा थांब

रॉड घेतलास हे मला तुझ्याआधी आईनं सांगितलं. "धाकटीनं लांब कांडी मागवली, मासे धरायला म्हणते," एवढं बोलून ती फोनवर गप्प झाली. मला मात्र मनापासून आनंद झाला बघ. बाबांच्या मागं नदीवर जाणारी घरात मी एकटीच होते. तू तेव्हा लहान होतीस आणि चिखलात पाय टाकायला भ्यायचीस. आता अकोल्यात नोकरी लागली, पूर्णा हाकेच्या अंतरावर आली, हातात स्वतःचे पैसे आले. कर हौस. पण त्याआधी ताईजवळ जरा बस.

सगळ्यात महत्त्वाचं ते आधीच सांगून टाकते. आत्ता मृगात नदीवर जाऊ नको. तुझ्या ऑफिसातले सांगत असतील की पहिल्या पावसात मासा चढतो, हातानं धरता येतो. ते खोटं नाही. पहिला गढूळ लोंढा आला की मासा नदीतून नाल्यात, नाल्यातून शेताच्या धुऱ्यापर्यंत चढतो, आणि लोक काठ्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन धावतात. पण तो चढतो अंडी टाकायला. पोट अंड्यांनी भरलेलं असतं, पाणी वीतभर असतं, त्याला पळायला जागा नसते. मासा ज्या दिवशी सगळ्यात सोपा सापडतो, नेमका त्याच दिवशी त्याला धरायचा नसतो, असं माझं पक्कं मत आहे. बाकी सगळं तू हळूहळू शिकशील. एवढं मात्र आज ऐक.

समुद्रावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ते तुला ठाऊक आहे. पूर्णेच्या काठावर तुला अडवायला कुणी उभं नसेल. तिथं आपली बंदी आपणच पाळायची, आणि मी म्हणेन, दसऱ्यापर्यंत पाळायची. तू इंग्लंडातल्या पाइक माशाचे व्हिडिओ पाहतेस ना? त्यात एक गोष्ट दिसत नाही. तिथल्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून गळ टाकायलाच मनाई असते. तो त्यांच्या माशांचा विणीचा काळ. ज्यांनी हा खेळ एवढा वाढवला, त्यांनी वर्षातले तीन महिने नदीला देऊन टाकले आहेत.

पाइक आपल्याकडे नाही, तो थंड मुलखातला. पण त्याचं जे काम तिकडे, ते इकडे मरळ करते. पाणवनस्पतींच्या आडोशाला निपचित पडून राहायचं, समोरून बेडूक किंवा मासोळी गेली की बाणासारखं सुटायचं. म्हणून तुझी ओढ मला कळते. शिकारी मासा धरण्यात जी धडधड असते ती रोहू-कटल्याच्या गळाला नाही. रोहू पिठाच्या गोळीला येतो, त्यात वाट पाहणं आहे. मरळीला तू शोधत जातेस आणि ती तुला पाहत असते.

आता मरळीचं ऐक, कारण तिच्यामुळेच मी तुला थांबवते आहे. पावसाळ्यात जोडीनं उथळ पाण्यात गवत बाजूला सारून ती जागा करतात आणि अंडी घालतात. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्लं बाहेर आली की आपल्या नेहमीच्या मरळीची पिल्लं तांबूस-नारिंगी असतात, आणि हजारोंनी एकत्र राहतात. लांबून बघशील तर पाण्याच्या पृष्ठभागाखाली नारिंगी डाग उकळतो आहे असं वाटतं. त्या डागाच्या खाली आईबाप असतात. महिनाभर, कधी त्याहून जास्त, ती दोघं त्या घोळक्याबरोबर फिरतात. बेडूक आला, साप आला, दुसरा मासा आला, काहीही जवळ आलं की तुटून पडतात. म्हणजे त्या दिवसांत तू गळ त्या डागावर टाकलास तर मरळ हमखास घेणार, भुकेनं नाही, पिल्लांच्या रागानं. हे काही लोकांना नीट माहीत असतं. ते मुद्दाम डाग शोधत फिरतात.

मूर्तिजापूरकडे लाखपुरीच्या घाटाजवळ एका भोई आजीनं मला तो डाग पहिल्यांदा दाखवला. माझ्या हातात काठी होती. तिनं काठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "थे पिल्लाईवर हाय वं माय. तिले नेशीन त हे सारे जाईन." तिचं सगळं आयुष्य मासे विकण्यात गेलेलं. एक मोठी मरळ म्हणजे तिच्या घरची दोन दिवसांची भाजी-भाकर. तरी तिनं ती सोडली होती. पुढं एकदा दुसऱ्या एका डोहावर पोरांनी भाल्यानं पिल्लांवरचा राखणारा मासा मारलेला मी पाहिला. घोळका थोडा वेळ तिथंच घुटमळला. मग खालून, बाजूनं लहानमोठे मासे आले, वरून खंड्या सूर मारू लागला. सांजेला तिथं नारिंगी काही उरलं नव्हतं. एक मासा नेला म्हणतात लोक. एक नसतो तो.

अकोल्यात राहतेस तर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची कावड बघशीलच. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला येतात, रात्रभर शहर जागं असतं. ज्या दिवसांत आपण त्या नदीचं पाणी देवाला घालतो, त्याच दिवसांत तिच्या कडेच्या गवतात मरळ पिल्लं राखत असते. श्रावण पाळणाऱ्या घरात मासा शिजतही नाही. आपल्या वाडवडिलांनी हे ठरवून केलं की आपोआप झालं, मी सांगू शकत नाही, पण चालत आलेलं चांगलं आहे. तू मोडू नको.

दसरा गेला, पाणी निवळलं, थंडीची चाहूल लागली की खुशाल निघ. तोवर पिल्लं आपापल्या वाटेला लागलेली असतात. कुठं जायचं म्हणशील तर धरणांपेक्षा मी तुला नदीचे डोह सांगेन. पूर्णा सातपुड्यात बैतूलकडे उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाण्यातून जाऊन चांगदेवला तापीत मिळते. वरून चंद्रभागा, शहानूर, वाण येतात. खालून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन. हिवाळ्यात धार बारीक होते, डोह वेगळे पडतात. जिथं नाला नदीला मिळतो, जिथं बाभूळ पाण्यात कलंडली आहे, जिथं कडेला गवत आणि मध्ये काळं खोल पाणी आहे, तिथं बस. लगेच गळ टाकू नको. बस आणि बघ. मरळीला कल्ले असले तरी हवा घ्यायला वर यावंच लागतं; वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. त्यामुळे थोड्या वेळानं 'डुब' आवाज होईल, एक बुडबुडा फुटेल, वर्तुळ पसरेल. ती जागा डोळ्यात धर. पुन्हा त्याच्या आसपासच येईल.

तू मागवलेल्या त्या चकाकत्या धातूच्या माशांना तीन-तीन टोकांचे गळ आहेत ना, ते पूर्णेत पहिल्याच फेकीला जलकुंभीत किंवा बाभळीच्या काट्यांत जातील. रबरी बेडूक घे. त्याचे गळ पाठीला चिकटून वर तोंड करून असतात, गवतावरून घसरत येतो. खऱ्या बेडकाला हात लावायचा नाही. एक तर बैलबेडूक वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे, आणि दुसरं म्हणजे जिवंत जीव गळाला टोचून पाण्यात नाचवणं मला कधी जमलं नाही, तुलाही जमू नये. दोरा विणलेला घे, साधं नायलॉन गवतात तुटतं. आणि तुटलेल्या दोऱ्यासकट गळ तोंडात घेऊन मासा महिनोन्महिने फिरतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं चेपून टाक. मग सोडताना तोंड फाटत नाही, आणि तुझ्याच बोटात घुसला तरी सुखानं निघतो.

बेडूक बुडबुड्याच्या पलीकडं टाक, त्याच्या डोक्यावर नाही. हलकं ओढ, थांब, पुन्हा ओढ. पाणी फुटेल, छातीत धस्स होईल आणि हात आपोआप झटका मारेल. तो झटका आवर. बेडूक दिसेनासा होऊ दे, दोऱ्याला वजन लागू दे, मग रॉड उचल. नवशिक्यांच्या बहुतेक मरळी या घाईनंच सुटतात. लागली की दोरा ढिला सोडू नको, ती सरळ मुळांत शिरते.

काठावर आली की हात आधी ओला कर. तापलेल्या दगडावर ठेवू नको, ओल्या गवतावर ठेव. गळ लांब नाकाच्या पकडीनं काढ, बोटानं नाही. दीड-दोन वितींची असेल तर ती अजून कोवळी आहे, सोड. फार मोठी असेल तर ती अंड्यांची खाण आहे, तीही सोड असं मी म्हणेन. मधली एखादी घरी न्यायची असेल तर ने, पण एकच. उन्हाळ्यात तर जास्तच जपून. मे महिन्यात डोह आटून खड्डा उरतो, त्यात जे चार मासे आहेत तेच पुढल्या पावसात अख्ख्या नदीचं बियाणं असतात.

मरळ सोडून दुसरे शिकारीही भेटतील. शिवडा भेटेल, तोंड डोळ्याच्याही मागं फाटलेलं, बारीक दातांच्या रांगा, माणसाएवढा वाढू शकतो. त्याची संख्या जगभर घटते आहे, त्याला आता संकटग्रस्तांच्या यादीत धरतात. तो लागला तर फोटो काढ आणि जाऊ दे. शिंगाडा येईल, लांब मिशांचा, पाठीच्या मागच्या मांसल पंखावर काळा ठिपका. त्याच्या पाठीच्या आणि छातीच्या पंखांत करवतीसारखे काटे असतात. मुठीत धरशील तर आठवडाभर हात सुजेल. वाम रात्री दगडांखालून निघते, गांडुळाला येते. आणि एखादा थोराड, मिशाळ, चकाकता काळा मासा आला, जो कुठंही जगतो आणि काहीही खातो, तर तो आफ्रिकन मांगूर असू शकतो. बंदी असताना लोक तो पाळतात, पुरात तो नदीत सुटतो आणि आपल्या माशांची पिल्लं फस्त करतो. देशी मागूर वेगळा, लहान आणि गुणी. दोघांतला फरक मच्छीमार सोसायटीच्या जाणत्या माणसाकडून शिकून घे. परका असल्याची खात्री पटली तर तो मात्र पाण्यात परत टाकू नको.

परका मासा काय करतो याचं उलटं उदाहरण आपल्याच मरळीचं आहे. ती मोठी जात, जिच्या शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडेचा काळा डोळा असतो, ती 2000 साली अमेरिकेत फ्लोरिडात सापडली. कुणीतरी नेऊन सोडलेली. तिथं ती उपरी ठरली, जिवंत परत सोडू नका असं सांगतात. जीव तोच, आपल्या नदीत राखायचा आणि तिथं काढून टाकायचा. म्हणून म्हणते, मासा एका पाण्यातून उचलून दुसऱ्या पाण्यात कधीच सोडायचा नाही, कितीही दया आली तरी.

मोर्णेतला मासा खाऊ नको. अकोलेकरांनी 2018 च्या जानेवारीत हजारोंनी उतरून तिची जलकुंभी काढली, त्यांचा मला अभिमान आहे, पण शहराचं सांडपाणी अजून तिच्यात येतं. मरळ तिथं दिसेल. ती हवेवर जगते, म्हणून घाण पाण्यातही तगते. मरळ आहे म्हणजे पाणी चांगलं, असा अर्थ काढू नको.

कायद्याचं थोडक्यात. मेळघाटात सिपना, गडगा बघून हात शिवशिवेल, तिथं व्याघ्र प्रकल्प आहे, रॉड गाडीतून बाहेरही काढायचा नाही. काटेपूर्णा अभयारण्यातही तेच. धरणं आणि तलाव, अप्पर वर्धा असो की गावचा लघुसिंचनाचा तलाव, तिथली मासेमारी सहसा मच्छीमार सोसायट्यांना ठेक्यानं दिलेली असते. तिथल्या काकांना आधी भेट, विचार, जे शुल्क म्हणतील ते दे. त्यांनी बोटुकली विकत आणून सोडलेली असतात. आपली हौस त्यांच्या पोटावर यायला नको. शिवाय गळाच्या पुस्तकांपेक्षा ते जास्त शिकवतील. भोई, ढिवर समाजातल्या म्हाताऱ्यांना पाण्याचा रंग बघून खालचा मासा सांगता येतो.

आणि डोहात करंट सोडणारे भेटतील. मोटारपंपाची वायर नाहीतर बॅटरी घेऊन येतात. कपाशीवर फवारायचं औषध ओतणारेही असतात. विष आणि सुरुंग 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहेत, तरी चालतं. विजेच्या धक्क्यानं आणि विषानं मोठा मासा, अंगठ्याएवढं पिल्लू, खेकडा, सगळं एकदमच जातं. पाणी मागं उरतं, नदी उरत नाही. तू एकटी असशील तर तिथं वाद घालू नको. पाण्यापासून लांब हो, गावात येऊन पोलीस पाटलाला किंवा सोसायटीला सांग. पण सांग. गप्प राहू नको.

आता तुझ्या जिवाचं. काळ्या मातीचा काठ वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की पायाखालून सरकतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, डोहाच्या तळाला गाळ किती आहे कुणालाच ठाऊक नसतं. अकोल्यात ऊन असताना सातपुड्यात पाऊस झाला तर पूर्णेला लोंढा येतो; पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्याकचरा वाहून येऊ लागला की सामान टाकून वर चढ. धरणाखाली असशील तर भोंगा वाजताच निघ. रॉड कार्बनचा आहे, त्यातून वीज वाहते. ढग गडगडला की खाली ठेव, आणि शेतातल्या विजेच्या तारांखाली तर उचलूच नको. कपारीत, पाचटात हात घालू नको, घोणस तिथंच पडलेली असते. आणि एकटी जाऊ नको. शिवड्यासाठी रात्री बसायचा मोह होईल. माझं ऐक, रात्र त्या माशाला राहू दे.

लोक काय म्हणतील ते मी ऐकलेलं आहे, म्हणून सांगते. "पोरगी हाय अन् गरी घेऊन बसली नदीवर," असं म्हणतील. पहिल्या काही वेळा बघायला थांबतील. तू त्यांना नमस्कार कर, कुठं लागतो मासा म्हणून विचार. विचारलं की माणसं शिकवायला लागतात, हसायचं विसरतात. बायका पाण्याशी नव्या नाहीत गं. भोयांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मासा निवडतात, विकतात, सुकवतात. फक्त गळ हातात घेऊन निवांत बसलेली बाई त्यांनी पाहिलेली नसते. त्या निवांतपणासाठीच मी जात राहिले. घरात सगळ्यांना आपण हव्या असतो. नदीवर तासभर कुणाला काही नको असतं.

आईची काळजी करू नको, तिच्याशी मी बोलते. पहिली मरळ आणलीस की तिच्याकडंच ने. काटे कमी, मांस घट्ट, म्हणून कापायला सोपी; फक्त राख लावून चिकटा नीट काढ. मलेशिया-इंडोनेशियात शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला हीच खायला देतात. आपल्याकडं ज्वारीची भाकर आणि खोबरं-तीळ भाजून केलेला झणझणीत रस्सा असला की कुठलं कारण लागत नाही.

एवढा पावसाळा तू रॉड कपाटात ठेव. वाटलं तर गच्चीवर बादली ठेवून फेकीचा सराव कर, नाहीतर रविवारी नुसती गांधीग्रामला जा आणि काठावरून तो नारिंगी डाग शोध. दिसला तर मला फोन कर, जागा मात्र दुसऱ्या कुणाला सांगू नको. कोजागिरीनंतरच्या रविवारी मी अमरावतीहून येते, आपण दोघी मिळून जाऊ. पक्कड आणि टोपी तेवढी घेऊन ठेव.